पोचला का तो?

नोव्हेंबर लागला की कतारमध्ये हवा पालटते. सहा महिने बंद असलेल्या खिडक्या उघडतात, गॅलरीत बसून चहा घेता येतो, आणि फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत घराघरांत लुसेलच्या शर्यतीचा विषय निघतो. २०२५मध्ये ती २८ ते ३० नोव्हेंबरला होती. आपल्यातली बरीच कुटुंबं रविवारी रात्री दिव्यांच्या झगमगाटातली फॉर्म्युला वन बघायला जातात. त्याच ट्रॅकवर, त्याच तीन दिवसांत आणखी एक शर्यत होते. बहुतेक प्रेक्षक येऊन टेकण्याआधीच ती संपते. तिचं नाव फॉर्म्युला टू. या लेखाचा नायक त्या पायरीपर्यंत पोचलेला एक मुंबईकर मुलगा आहे. त्याचं नाव जेहान दारूवाला.

मी शिक्षिका होते, आता गृहिणी आहे; गाड्यांच्या शर्यतींशी माझा संबंध दहा वर्षांच्या लेकामुळे आला. आम्ही बिरकत अल अवामेरच्या बाजूला राहतो. ज्यांचं इकडे येणं होत नाही त्यांच्यासाठी सांगते: दोह्याच्या दक्षिणेला, अल वक्राच्या अंगाला असलेला हा गोदामांचा भाग. ओळीनं गोदामं, कंटेनर, आणि दिवसरात्र ये-जा करणारे ट्रेलर. माझे यजमान इथल्याच एका गोदामात कामाला आहेत. आमच्या लेकाची अक्षरओळख ट्रकच्या पाट्यांवरून झाली आणि अंकओळख त्यांच्या चाकांवरून. मागच्या हिवाळ्यात वर्गमित्राच्या वाढदिवसाला तो गो-कार्टिंगला गेला, आणि घरी आला तो एक प्रश्न घेऊन. "आई, मी कार्टिंग शिकू? म्हणजे खरं-खरं, शर्यतीचं?"

पालकांकडे अशा वेळी दोन उत्तरं तयार असतात, "बघू" आणि "अभ्यास कर आधी". मला त्याला खरं उत्तर द्यायचं होतं, आणि त्यासाठी आधी विषय समजून घ्यायला हवा होता. शिकवण्याआधी आपण वाचायचं, ही जुनी सवय. म्हणून आपल्या मातीतला, या वाटेनं सर्वांत लांब गेलेला मुलगा मी शोधला.

जेहानचा जन्म १ ऑक्टोबर १९९८चा, मुंबईच्या पारशी कुटुंबातला. मुंबईत रेयोमंड बनाजी हे कार्टिंगमधले अनेकदा राष्ट्रीय विजेते राहिलेले गुरू; त्यांच्या हाताखाली त्याची सुरुवात झाली. या खेळाच्या हिशेबानं ती उशिराच झाली. मॅक्स व्हर्स्टापेन साडेचार वर्षांचा असताना कार्टमध्ये बसला होता. जेहान तेव्हा जवळजवळ तेरा वर्षांचा होता. त्याच वर्षी, म्हणजे २०११मध्ये, सहारा फोर्स इंडिया संघानं देशभरातून होतकरू मुलं शोधण्यासाठी 'वन फ्रॉम अ बिलियन' ही मोहीम काढली. निवडलेल्या तिघांत जेहान होता. बेंगळुरूचा अर्जुन मैनीही होता.

त्यानंतरचा वेग चकित करणारा आहे. २०१२मध्ये मकाऊला आशिया-पॅसिफिक स्पर्धेत केएफ-३ गटाचं विजेतेपद. २०१३मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेत ज्युनिअर गटाचं विजेतेपद. २०१४मध्ये केएफ गटाच्या जागतिक स्पर्धेत तिसरा क्रमांक. पवईच्या किंवा कोल्हापूरच्या ट्रॅकवर आपण गंमत म्हणून चार फेऱ्या मारून येतो, तोच हा खेळ. तीन वर्षांत जगातला तिसरा!

कार्ट ही काय वस्तू आहे, हेही मला नव्यानं कळलं. दिसायला खेळणं. पण तिला सस्पेन्शन नसतं. रस्त्यातला प्रत्येक खडा थेट पाठीत जाणवतो. आपल्या गाडीत वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ते जमवून घेणारा डिफरन्शियल कार्टमध्ये नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. त्यामुळे वळण घ्यायचं तर आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं जावं लागतं, आणि ते उचलायचं चालवणाऱ्यानं, स्टिअरिंग आणि अंगाचा भार वापरून. चाक उचललं नाही तर कार्ट वळायला कुरकुरते. जास्त वेळ उचललेलं राहिलं तर वेग जातो. बसायची जागा सेंटिमीटरभर पुढेमागे केली तरी तिचा स्वभाव बदलतो. पाटीवर अक्षर गिरवताना हात हलला की लगेच दिसतो, तसंच इथे. चूक झाकायला जागाच नाही. म्हणून मोठमोठे चालक आयुष्यभर कार्टिंगला आपली शाळा म्हणतात. मला शाळा म्हटल्यावर एकदम आपलेपणा वाटला.

पण या शाळेचे पुढचे वर्ग परगावी भरतात. चांगल्या स्पर्धा युरोपात, चांगले संघ इंग्लंड-इटलीत. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी मुलानं घराबाहेर पडायचं. मी सांगलीला आठवी-नववीचे वर्ग घेत होते, त्यामुळे या वयाची मुलं मला चांगली ठाऊक आहेत. डब्यात भाजी कुठली यावरून रुसणारी, आवाज फुटलेला म्हणून वर्गात उभं राहून वाचायला लाजणारी. त्याच वयाचं पोर परक्या देशात, परक्या भाषेत मेकॅनिकला सांगतंय की तिसऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग सुटतोय. यात त्या मुलाचं कौतुक आहेच, पण मला त्याच्या घरातली रिकामी खुर्चीही दिसते.

कार्टिंगनंतर येतात एकासनी गाड्या, ज्यांना सिंगल-सीटर म्हणतात. आज ही शिडी नीट आखलेली आहे. पहिली पायरी फॉर्म्युला फोर. किमान वय पंधरा, गाडीची ताकद साधारण १६० ते १८० अश्वशक्ती. मग फॉर्म्युला थ्री, साधारण ३८०. मग फॉर्म्युला टू, ६२०. जेहानच्या वेळी मधल्या काही पायऱ्यांची नावं वेगळी होती. तो २०१५मध्ये फॉर्म्युला रेनोमधून वर चढला. या शिडीचा एक नियम मला फार आवडला: फॉर्म्युला थ्री आणि टूमध्ये सगळ्यांच्या गाड्या एकाच बनावटीच्या असतात. संघ वेगळे, गाडीची जुळवाजुळव वेगळी, पण इंजिन आणि सांगाडा तोच. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. त्यामुळे खरी तुलना होते ती आपल्याच संघातल्या जोडीदाराशी, शेजारच्या बाकावरच्या मुलाशी.

आणि जेहानच्या शेजारच्या बाकावर कोण होतं ते पाहा. २०१४च्या ज्या जागतिक स्पर्धेत तो तिसरा आला, तिथे पहिला आला लँडो नॉरिस. २०१६च्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या टोयोटा रेसिंग सिरीजमध्ये जेहान दुसरा, पहिला नॉरिस. २०१७मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये दोघं कार्लिन या एकाच संघात. जेहाननं जर्मनीतल्या नोरिसरिंगला शर्यत जिंकली, वर्षअखेर सहावा आला, विजेता नॉरिस. त्याच वर्षी फेब्रुवारीत जेहाननं न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली होती, तीही एक मोठी मानाची शर्यत. पण २०१९मध्ये नॉरिस मॅक्लारेनमधून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, आणि जेहान प्रेमा संघातून फॉर्म्युला थ्रीमध्ये होता. त्या मोसमात त्यानं दोन शर्यती जिंकल्या, आणि एकूण तिसरा क्रमांक मिळवला. पहिले दोघंही त्याच्याच संघातले!

२०२०ला तो फॉर्म्युला टूमध्ये आला, रेड बुलच्या तरुण चालकांच्या चमूत. पुन्हा कार्लिन. या वेळी शेजारचा बाक युकी त्सुनोदाचा. त्सुनोदा त्या वर्षी एकूण तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहानचं वर्ष खडतर गेलं. पण शेवटच्या आठवड्यात, ६ डिसेंबरला, आपल्या अगदी शेजारी बहारीनमध्ये, साखीरच्या ट्रॅकवर तो जिंकला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. विजेत्याच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवायची तिथे पद्धत आहे. आखातात राहून 'जन गण मन' आपण दूतावासात आणि शाळेच्या पटांगणात ऐकतो. त्या दिवशी ते वाळवंटातल्या शर्यतीच्या मंचावर वाजलं. मी त्याची चित्रफीत लेकाला दाखवली, तेव्हा तो सोफ्यावरून उठून सावधान उभा राहिला. मी काही बोलले नाही, मीही उभी राहिले.

त्यानंतर जेहान आणखी तीन मोसम तिथे लढला. २०२१ आणि २०२२ला एकूण सातवा. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या मोंझाला त्यानं रविवारची मुख्य शर्यत जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये सिल्व्हरस्टोनला मॅक्लारेननं त्याला फॉर्म्युला वनची गाडी चालवायला दिली, आदल्या वर्षीची, नॉरिसनं शर्यतींत चालवलेल्या बनावटीची. चाचणी झाली. जागा मिळाली नाही. २०२३मध्ये तो महिंद्राच्या फॉर्म्युला ई संघाचा राखीव चालक झाला, आणि २०२४च्या मोसमात मासेराटी संघाकडून विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या त्या जागतिक स्पर्धेत उतरला.

हे सगळं मी एका रविवारी फोनवर सांगलीला आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं. नातवाचं खूळ काय आहे ते त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग पोचला का तो शेवटी?"

"शेवटची पायरी राहिली, आप्पा."

"अरेरे," ते म्हणाले. "मग एवढं करून काय उपयोग झाला?"

आप्पांचा प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे. बारावीला किती, आयआयटीला लागला का, ग्रीन कार्ड आलं का, स्वतःचं घर झालं का. आपण प्रत्येक वाटेचा शेवटचा थांबा बघतो आणि त्यावरून प्रवासाला गुण देतो. म्हणून मी या शेवटच्या पायरीचा हिशेब नीट मांडून पाहिला.

२०२५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये जागा किती होत्या? दहा संघ, वीस चालक. खालच्या फॉर्म्युला टूमध्ये बावीस, त्याखाली फॉर्म्युला थ्रीमध्ये तीस. वरच्या जागांवरची माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं उठत नाहीत. एखाद्या वर्षी एकही जागा रिकामी होत नाही. शिवाय वर जायला 'सुपर लायसन्स' लागतं. त्यासाठी ठरावीक मुदतीत, साधारणपणे तीन वर्षांत, ४० गुण हवेत. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलात तर चाळीसच्या चाळीस एकदम मिळतात. फॉर्म्युला थ्रीमध्ये तिसऱ्या क्रमांकाला २०. म्हणजे जेहाननं २०१९मध्ये अर्धी वाट चालून झाली होती. पण फॉर्म्युला टूमध्ये सातव्या क्रमांकाला ८ गुण मिळतात. जगातल्या बावीस निवडक मुलांत सातवा, आणि हाती आठ.

शिवाय पैसा. फॉर्म्युला टूच्या एका मोसमाचा खर्च वीस लाख युरोंच्या पुढे जातो असं सर्रास छापून येतं. जेहानचे वडील मोठे उद्योजक आहेत, बेंगळुरूचे मैनी बंधू उद्योजक घराण्यातले. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावला, तोही नावाजलेल्या राजकीय घराण्यातला. यात त्यांच्या मेहनतीला उणेपणा नाही; घरचा पैसा तिसऱ्या वळणावर ब्रेक कधी दाबायचा ते शिकवत नाही. पण तो त्या वळणापर्यंत नेतो, हे खरं आहे, आणि मुलापासून ते लपवण्यात अर्थ नाही. इतकं सगळं असूनही आजवर फॉर्म्युला वनमध्ये धावलेले भारतीय दोनच: २००५मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१०मध्ये करुण चांढोक.

मी लेकाला समोर बसवलं, कागद घेतला आणि शिडी काढली. प्रत्येक पायरीवर किती मुलं, किती जागा, किती खर्च. आणि खाली लिहिलं, "आपल्याला हे परवडणार नाही." तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले, पण रडला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी शिकायचंच नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या तिथे सापडलं, कारण ते मी रोज जगले होते. वर्गात चाळीस मुलांना मी कविता शिकवायचे. त्यातला एकही कवी होणार नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी मी जीव तोडून शिकवायचे. मुलाला शब्दांचं वजन कळावं, एवढ्यासाठी. उद्या तो दुकानात बसला, शेतात गेला, परदेशी आला तरी ते त्याच्याबरोबर जातं. त्याची परीक्षा कुणी घेत नाही.

जेहानबरोबर काय गेलं असेल? नेमकं तोच सांगू शकेल. मला दिसतं ते एवढं: त्यानं दरवर्षी जगातल्या उत्तमातल्या उत्तम मुलाच्या शेजारी बसून पेपर लिहिला. अनेकदा त्याला कमी गुण पडले. आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा येऊन त्याच वर्गात बसला. खडतर वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशीही तो पहिला येऊ शकला, कारण शेवटून दुसऱ्या दिवशी तो उठून गेला नव्हता. याला मी न पोचणं म्हणणार नाही. आमच्या बिरकत अल अवामेरमध्ये रोज हजारो खोकी येतात, नोंदली जातात आणि पुढे जातात. गोदाम हा कुठल्याच मालाचा शेवटचा पत्ता नसतो, म्हणून तिथलं काम फुकट जात नाही. आणि कतार तरी आपल्यापैकी कितीजणांचा शेवटचा पत्ता आहे? आपणही इथे करारावरच्या जागेत बसलो आहोत. करार संपला की उठायचं. तरी आपण इथे मुलं वाढवली, गणपती बसवले, हा अंक काढतो आहोत.

आता आमच्या घरातला ठराव सांगते. दर महिन्याला एक संध्याकाळ भाड्याच्या कार्टवर. स्वतःची कार्ट नाही, युरोपची स्वप्नं नाहीत, आणि "तू एक दिवस नक्की फॉर्म्युला वनमध्ये जाशील" असं कुणी, अगदी प्रेमानंसुद्धा, म्हणायचं नाही. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहायची आणि समोर कारण लिहायचं: कुठे लवकर ब्रेक लागला, कुठे वळणाची रेघ चुकली. "गाडीच खराब होती" हे कारण महिन्यातून एकदाच चालेल. २०२५च्या मे महिन्यात बेंगळुरूच्या कुश मैनीनं मोनॅकोला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, त्याचं कात्रणही त्या वहीत चिकटवलंय. कुश हा अर्जुनचा धाकटा भाऊ. २०२५मध्ये तो डॅम्स संघातून धावत होता आणि फॉर्म्युला वनमधल्या अल्पीन संघाचा राखीव चालक होता. म्हणजे दारापर्यंत पोचलेला आणखी एक. दार उघडेल की नाही, कुणी सांगावं.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एक आग्रह. लुसेलची तिकिटं काढली असतील तर या वेळी जरा लवकर निघा. डबा बरोबर घ्या, मुलांना घ्या, आणि फॉर्म्युला टू सुरू होण्याआधी जागेवर बसा. ट्रॅक ५.४१९ किलोमीटरचा आहे, गाड्या एका नजरेत येत नाहीत. कुठल्यातरी एका वळणाकडे बघत राहा. तिथे विशीतली बावीस मुलं असतील. त्यातली बहुतेक कधीच वर जाणार नाहीत आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी प्रत्येक फेरीला त्याच वळणावर ती आधीपेक्षा थोडा उशिरा ब्रेक दाबून बघतात. ते बघण्यासारखं असतं.

आमची पुढची कार्टिंगची संध्याकाळ दिवाळीनंतरच्या शनिवारी आहे. टायर थंड असताना पहिलं वळण जपून घ्यायचं, असं त्यानं वहीत आधीच लिहून ठेवलंय.